जावई येऊन गेला की बिघडणारं मशीन

पोद्क्राय, ३ सप्टेंबर २०१४

झोफ्का,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितोय. हा फोन कुणी बसवून दिला? गाश्परने. जावयाने बसवलेल्या फोनवर जावयाबद्दल बोलण्याइतका तुझा भावोजी अजून भोळा झालेला नाही.

तू पाठवलेल्या तिन्ही सर्व्हो मोटरी लाकूड कोरायच्या मशीनवर चढवल्या. एक टेबल लांबीला सरकवते, एक रुंदीला, एक कटर खाली-वर करते. कंट्रोलचं कपाट शेडच्या भिंतीवर टांगलंय, त्यात सगळं वायरिंग मी स्वतः केलंय. तुझ्या बहिणीने मधपेट्यांच्या दर्शनी फळ्यांसाठी काढून ठेवलेली सातही चित्रं कॉम्प्युटरवर चढवली. मार्ता असती तर रंगाने रंगवली असती. माझा हात तिच्यासारखा नाही, म्हणून मी लाकडात कोरणार. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, तू तिच्या कबरीवर येशील, तेव्हा तिच्या सातही मधपेट्यांवर नव्या फळ्या दिसल्या पाहिजेत. या वर्षात मला एवढं एकच करायचं आहे.

पण मशीन वेड्यासारखं करतं. टेबल हिसके देतं, मग लाल दिवा लागून बंद. पहिल्याच चित्रातल्या कोंबडीला दोन चोची झाल्या. आता नीट वाच. हे रोज होत नाही. गाश्पर शनिवारी येतो, पेट्या उघडून बघतो, अस्वल येऊ नये म्हणून पेट्यांभोवती कुंपण आहे त्याच्या झटका मशीनची बॅटरी बदलतो, आणि जातो. तो गेला की माझं मशीन बिघडतं. चार-पाच दिवसांत आपोआप ताळ्यावर येतं. पुन्हा शनिवार, पुन्हा तेच.

त्याला माझी शेड हवी आहे. अस्वलं बघायला येणाऱ्या जर्मन लोकांसाठी तिथे खोल्या काढायच्या म्हणतो. म्हातारा कंटाळून मशीन भंगारात घालेल याची वाट बघतोय. तू इतकी वर्षं कारखान्यात सर्व्हो लावलेस. कपाट उघडून असं काय करता येतं, की जे चार दिवस टिकतं आणि मागे खूण राहत नाही, तेवढं कळव.

विन्को

---

मारिबोर, ९ सप्टेंबर

भावोजी,

तुम्हाला मोटरी पाठवल्या त्या लाकूड कोरायला, जावई कोरायला नाही.

माणसाकडे नंतर बघू, आधी वायरींकडे. मोटरीमागचा एन्कोडर म्हणजे मशीनचे डोळे. टेबल कुठवर आलं हे तोच कंट्रोलला सांगतो. त्याच्या बारीक वायरी तुम्ही कटरच्या जाड केबलबरोबर एकाच जुडीत बांधल्या असणार. तुमच्या भाजीच्या मळ्यातसुद्धा वाल आणि काकडी एकाच काठीवर चढलेली मी पाहिली आहे. सोडवा ती जुडी. बारीक वायरींवर जाळीचं आवरण असतं, ते एकाच टोकाला अर्थिंगला जोडा. दोन्ही टोकांना जोडलंत तर जोडलं काय न् नाही काय, सारखंच.

मग ट्यूनिंग. कंट्रोलमध्ये पी, आय आणि डी असे तीन आकडे आहेत. पीचा आकडा वाढवत न्या. मोटर गुणगुणायला लागली की थोडं मागे या. मग डी वाढवा, म्हणजे थांबताना ती डुलणार नाही. आयला हात लावू नका. तुमच्यासारख्या उतावळ्या माणसाने आयपासून लांबच राहावं.

आणि मशीनला स्वतंत्र अर्थिंग हवंच, हे मी मागेही सांगितलं होतं. खोल सळई ठोकलीत का? कुंपणाचं झटका मशीन जमिनीतच करंट सोडतं. त्याची सळई आणि तुमची सळई यांच्यात भरपूर अंतर हवं. कुठे ठोकलीत ते कळवा.

गाश्परबद्दल एवढंच म्हणते, की मार्ता गेली त्या दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे पेट्यांवर टकटक करून घरधनीण गेल्याचं मधमाशांना सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. तुम्ही गेला नाहीत. तो गेला.

झोफ्का

---

पोद्क्राय, १८ सप्टेंबर

झोफ्का,

टोमणा पोचला. मी गेलो नाही, कारण मला माशी चावली की तोंड भोपळ्याएवढं सुजतं हे तुला ठाऊक आहे. शिवाय मला तेव्हा बोलता येत नव्हतं, माशांशीही नाही आणि माणसांशीही नाही.

जुडी सोडवली. वाल आणि काकडी वेगळी केली. जाळी एका टोकाला जोडली. पी, डी तू म्हणालीस तसं. शुक्रवारी टेबल असं सरकलं की वर ठेवलेल्या कॉफीवर तरंग उठला नाही. दुसरं चित्र निम्म्याहून जास्त झालं. शनिवारी जावईबापू आले. रविवारी टेबल पुन्हा हिसके द्यायला लागलं, अगदी एका लयीत, नाडी चालावी तसं. सकाळी दव पडलेलं असलं की जास्तच.

अर्थिंगची काळजी करू नकोस. सळई शेडच्या मागे खोल ठोकली आहे, कुंपणापासून कितीतरी लांब.

मी पहारा ठेवलाय. कंट्रोलच्या कपाटाच्या दारावर, फटीच्या दोन्ही बाजूंना, माझा एक केस थुंकीने चिकटवून ठेवतो. दार उघडलं की केस पडणार. दोन शनिवार झाले, केस जागचा हललेला नाही. म्हणजे बघ किती पक्का आहे तो. कपाट न उघडता करतोय.

वागणंही बदललंय. आधी पेट्या बघून झाल्या की शेडमध्ये यायचा, स्टुलावर बसून कॉफी प्यायचा, हे काय ते काय विचारायचा. आता कप घेऊन अंगणात उभ्याउभ्या पितो. नजरेला नजर देत नाही. मी म्हटलं, "आत का येत नाहीस?" तर म्हणाला, "बूट चिखलाचे आहेत, बाबा." चिखल या वर्षीच झालाय का आमच्याकडे? मनात पाप असलं की माणूस असा उंबऱ्याबाहेर राहतो.

विन्को

---

मारिबोर, २३ सप्टेंबर

भावोजी,

कपाटाला केस चिकटवणारा माणूस माझ्या बहिणीने नवरा म्हणून निवडला, यावर मी दोन दिवस हसले. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू थांबलं.

एका लयीत हिसके बसत असतील तर दुखणं मोटरीचं नाही आणि ट्यूनिंगचंही नाही. बाहेरून कुणीतरी ठोके मारतंय. झटका मशीन असेच ठोके मारतं, म्हणून मला त्याचाच संशय होता. पण तुमची सळई इतकी लांब आहे म्हणता तर तेही नाही. आता मी इथे बसून अंधारात चाचपडते आहे.

कारखान्यात आम्ही एक करायचो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. तुम्ही शनिवार बदलून बघा. काहीतरी निमित्त काढून गाश्परला दोन आठवडे येऊ देऊ नका. सर्दी झाली म्हणा, पाहुणे आहेत म्हणा. तो नसतानाही मशीन बिघडलं की तुमच्या डोक्यातलं भूत उतरेल, आणि ते उतरावं म्हणूनच हे सांगते आहे. गोड बोलून करा. नेझा तुमची एकुलती एक आहे, ती नवऱ्याला दारात ठेवून माहेरी येणारी नाही.

मोटरींचं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. आमच्याकडच्या भंगारातून मिळाल्या. चांगल्या आहेत, शंका नको.

झोफ्का

---

पोद्क्राय, १४ ऑक्टोबर

झोफ्का,

झालं तुझं समाधान? तो आला नाही, आणि मशीन एकदाही बिघडलं नाही. एकदाही! पाऊस झाला, दव पडलं, धुकं आलं. टेबल लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. सातही फळ्या झाल्या. चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणारी कोंबडी, शिंग वाजवणारा ससा, आणि मार्ताचं लाडकं, मधाचं मडकं घेऊन पळणारं अस्वल आणि त्याच्यामागे लाटणं घेऊन धावणारी बाई. त्या बाईची नाकाची रेघ अगदी मार्ताची आली आहे.

गोड बोलून कर म्हणालीस. मला तसलं नाटक जमत नाही. तो शनिवारी फाटकाशी आला, बॅटरी खांद्यावर घेऊन. मी फाटक उघडलं नाही.

"काय झालं, बाबा?"

"तूच सांग काय झालं. माझ्या मशीनला काय करतोस?"

"मी? मी तर हात पण लावत नाही त्याला."

"तेच तर! हात न लावता करतोस!"

त्याने बॅटरी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "मला आत यायचं नाही. बॅटरी तेवढी लावू द्या. या दिवसांत अस्वल खाली उतरतं." मी म्हटलं, अस्वलाची भीती मला घालू नकोस, त्याचे पैसे तू जर्मनांकडून घे. तो गेला. दुसऱ्या दिवशी नेझाचा फोन आला. म्हणाली, गाश्परला जिथे जागा नाही तिथे मलाही नाही, सर्व संतांना आम्ही आईच्या कबरीवर सकाळी लवकर जाऊन येऊ, तुम्ही नंतर जा. मी फोनची वायरच भिंतीतून काढून टाकली.

आणि आता तुझं. काल ग्रीस घालायला लांबीची मोटर उतरवली. खालच्या बाजूला पट्टी आहे, त्यावर कारखान्याचं नाव. तुझा नाही तो. गाश्पर कामाला जातो तो कारखाना! भंगार मारिबोरचं होतं ना? म्हणजे मोटरी त्याच्या, पत्ता तुझा, आणि हसं माझं. मोटरीत काय भरून पाठवलंत ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. पुन्हा मला पत्र लिहायची तसदी घेऊ नकोस. फळ्या मी एकटा लावेन.

विन्को

---

मारिबोर, १७ ऑक्टोबर, तातडीची डाक

भावोजी,

तुमचा फोन मेलेला आहे, शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही, नेझा उचलत नाही. म्हणून हे पत्र. राग नंतर करा, आधी हे करा. आत्ता खाली पेट्यांपाशी जा आणि कुंपण चालू करा. चार्ज केलेली कुठलीही बॅटरी लावा, ट्रॅक्टरची चालेल.

मी रात्रभर तुमचाच विचार केला. गाश्पर शनिवारी काय करायचा? पेट्या बघायचा आणि बॅटरी बदलायचा. बॅटरी ताजी असली की मशीन बिघडायचं, मरायला आली की सुधारायचं. दव असलं की ओल्या गवतातून जास्त करंट जमिनीत जायचा, म्हणून तेव्हा जास्त हिसके. हिसक्यांची लय ही झटका मशीनचीच लय आहे. आता बॅटरीच नाही आणि मशीन उत्तम चालतंय. याला एकच कारण असू शकतं. तुम्ही वेगळी सळई ठोकलेलीच नाही. मशीनचं अर्थिंग तुम्ही कुंपणाच्या सळईला जोडलंत. मला खोटं लिहिलंत, भावोजी?

मग माझंही ऐका. मोटरी आमच्याकडच्या भंगारातल्या नव्हत्या. मार्ता गेल्यावर तुम्ही महिनोन् महिने शेडचं दार उघडलं नाहीत. तेव्हा गाश्परने मला फोन केला. म्हणाला, मावशी, त्यांना काहीतरी हाताला हवं, माझ्याकडून घेणार नाहीत, तुम्ही पाठवलंत असं होऊ दे. त्याच्या कारखान्यात जुनं मशीन मोडीत काढलं, त्याने मोटरी मागून घेतल्या. मी फक्त वरचा पत्ता लिहिला. लपवलं ते त्याने लपवायला सांगितलं म्हणून.

त्याला येऊ देऊ नका हे मीच सुचवलं. त्या प्रयोगाने तो सुटेल असं वाटलं होतं. एकच गोष्ट बदलते आहे असं मी धरून चालले, पण त्याच्याबरोबर बॅटरीही थांबली हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता वाचत बसू नका, खाली जा.

झोफ्का

---

पोद्क्राय, २१ ऑक्टोबर

झोफ्का,

तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी पेट्यांपाशीच उभा होतो. अस्वल रात्री येऊन गेलं होतं.

पेट्यांच्या खोपटाची मागची भिंत फाडली आहे. पेट्या उतारावर पडल्यात, चौकटी मोडून गवतात, मेण चिखलात कालवलेलं. आमच्याकडे माशा मेल्या म्हणत नाहीत, वारल्या म्हणतात, माणसासारखं. मी तिथे उभा राहून पहिल्यांदा तो शब्द तोंडाने म्हटला. मार्ताच्या सहा पेट्या वारल्या. कोपऱ्यातली एक आडवी पडली होती, तिच्यातून गुणगुण येत होती. मी ती उचलून उभी केली. चावल्या. तोंड सुजलंय, एका डोळ्याने लिहितोय.

हो, खोटं लिहिलं. शेडच्या मागे ठोकायला गेलो तर वीतभर खाली खडक. बाजूला गेलो, तिथेही खडक. मळ्यात खडक, फाटकाशी खडक. आमच्या गावात माती आहे ती फक्त खळग्याच्या तळाशी, जिथे पेट्या आहेत. गाश्परने कुंपणाची सळई तिथेच ठोकलेली होती, छान खोल. मी तिलाच वायर अडकवली आणि पालापाचोळा टाकून झाकली. तुला कसं लिहू की मला एक सळईसुद्धा ठोकता आली नाही? म्हातारा झालो असं तू म्हणाली असतीस. म्हणून दोन ओळींचं खोटं लिहिलं, आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवून जावयाच्या मागे लागलो.

त्याने फाटकात मला सांगितलं होतं, झोफ्का. बॅटरी खांद्यावर घेऊन उभा होता तो. माझ्या मशीनला रविवारी जे ठोके बसायचे ते मार्ताच्या पेट्या राखणारे ठोके होते, आणि ते थांबले म्हणून मी आनंदाने फळ्या कोरत बसलो. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

तुझा प्रयोग बरोबर होता. माझं पत्र चूक होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

विन्को

---

पोद्क्राय, २४ ऑक्टोबर

गाश्पर,

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, म्हणून मायना काय घालायचा ते कळलं नाही.

नेझाला कळलंच असेल. एक पेटी उरली आहे. त्या पेटीला काय झालं हे सांगायला कुणीतरी जायला हवं, म्हणून या वेळी मी गेलो. टकटक केलं. मार्ताला जाऊन दोन वर्षं झाली हे सांगितलं, जे मी तेव्हा सांगायला हवं होतं. मग सांगितलं की कुंपण गाश्परमुळे नाही, माझ्यामुळे बंद होतं. आतून आवाज येत राहिला. त्यांना समजलं की नाही माहीत नाही. तुला समजावं अशी इच्छा आहे.

मोटरींचं झोफ्काने सांगितलं. फार छान चालतात.

सळईची वायर मी काढून टाकली आहे. मशीन बंद आहे. ट्रॅक्टरची बॅटरी कुंपणाला लावली आहे, पण ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही. अस्वलाची फळी त्या उरलेल्या पेटीवर बसवली आहे, वाकडी बसली आहे. पुढच्या शनिवारी सर्व संत आहेत. तुम्ही सकाळी लवकर गेलात तर मी नंतर जाईन, म्हटल्याप्रमाणे. फाटक मात्र उघडं ठेवतो.

विन्को

---

रिब्नित्सा, २८ ऑक्टोबर

बाबा,

बॅटरी चार्जिंगला लावली आहे. शनिवारी नेझा आणि मी येतो, सकाळी लवकर नाही, तुमच्याबरोबरच जाऊ. मावशीही येणार आहेत. त्यांनी चाळीस मीटर केबल घेतली आहे. म्हणाल्या, माती खळग्यातच असेल तर सळई खळग्याच्या दुसऱ्या टोकाला ठोकू, ठोकणार गाश्पर आणि भावोजींनी नुसतं बघायचं. चार ओळखीच्यांनी वसंतात मधमाशांचे नवे थवे द्यायचं कबूल केलंय. बाकीच्या फळ्या कोरड्या जागी ठेवा.

एक सांगायचं होतं. कपाटाच्या दारावरचा तो पांढरा केस मी पहिल्याच शनिवारी पाहिला. कॉफीचा कप घेऊन आत येत होतो, दारातूनच उन्हात चमकला. वाटलं, आत गेलो आणि चुकून वाऱ्याने जरी पडला तरी तुम्हाला वाटेल मीच उघडलं. म्हणून त्या दिवसापासून कॉफी अंगणात उभ्याने प्यायलो. बूट स्वच्छच होते.

आता थंडी पडली आहे. या शनिवारी आत बसून पिऊ, तुम्हाला चालणार असेल तर.

गाश्पर